अ‍ॅम्प्लिफायरमधला छोटा सप्लाय

घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघाला की बोलणं होतं ते मोठ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल, आयसीबद्दल, स्पीकरबद्दल. मला मात्र खरा त्रास दिला तो आतल्या छोट्या सप्लायने. टोन कंट्रोल, ब्लूटूथ आणि स्पीकर प्रोटेक्शन अशा तीन लहान बोर्डांना वीज द्यायची होती, एवढंच. मुख्य अ‍ॅम्प्लिफायर पटकन उभा राहिला. या तीन बोर्डांपायी मात्र महिने गेले. ज्यांना असं काही बांधायचं आहे त्यांचा तरी वेळ वाचावा, म्हणून घडलं तसं लिहितो.

आधी मुख्य भाग सांगतो. दोन चॅनेलला एकेक एलएम ३८८६ आयसी. गोल, म्हणजे टोरॉइडल, ट्रान्सफॉर्मर, सेकंडरी २४-०-२४ व्होल्ट. ब्रिज आणि फिल्टर कॅपॅसिटरनंतर साधारण अधिक-उणे ३३ व्होल्ट मिळतात. स्पीकर ८ ओहमचे. हा आयसी घरी बांधणाऱ्यांच्या आवडीचा आहे, कारण बाहेरचे भाग कमी लागतात आणि संरक्षण आतच आहे. एक गोष्ट मात्र आधीच माहीत हवी. या आयसीच्या साध्या प्रकारात पाठीवरचा धातू उणे सप्लायला जोडलेला असतो. हीट सिंकवर बसवताना मधे मायका आणि स्क्रूला नायलॉनचा बुश लागतोच. पूर्ण प्लास्टिकच्या पाठीचा प्रकारही मिळतो, त्याला मायका लागत नाही.

पहिल्यांदा फक्त एवढंच जोडून स्पीकर लावले. इनपुट शॉर्ट केलं आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. ती शांतता ऐकून खूप बरं वाटलं होतं.

मग बाकीचे बोर्ड आणायला तापकीर गल्लीत गेलो. पुण्यात बुधवार पेठेतल्या या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं बहुतेक सगळं मिळतं. टोन कंट्रोलचा तयार बोर्ड घेतला. त्यावर ‘१२-०-१२ एसी’ असं छापलेलं होतं. स्पीकर प्रोटेक्शनचा बोर्ड घेतला, यूपीसी १२३७ आयसीवाला. त्यावर ‘१२ व्होल्ट एसी’ असं होतं, दोनच तारांचा कनेक्टर. ब्लूटूथचा बोर्ड ५ व्होल्ट डीसीवर चालणारा. ट्रान्सफॉर्मर कोणता घ्यावा, असं काउंटरवर विचारलं.

“एकच बारा-झिरो-बारा घ्या की साहेब, एक अ‍ॅम्पिअरचा. सगळं चालतं त्यावर.”

हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि बोर्ड एकेकटे चालवून पाहिले तर तो बरोबरही वाटतो. टोन कंट्रोलला तिन्ही तारा दिल्या. प्रोटेक्शन बोर्डाला एक १२ आणि मधली झिरो दिली. दोन्ही बोर्डांवर जे छापलं होतं त्याप्रमाणेच सगळं होतं.

नवीन जोडणी मी कधीच थेट मेन्सवर लावत नाही. आमच्याकडे दुरुस्तीवाले वापरतात तो सिरीज बोर्ड घरी करून ठेवला आहे. ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब, आणि त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटून राहतो आणि बाकीचं जळत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो, कॅपॅसिटर भरले की मंदावतो. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. फिलामेंटचाच लागतो.

त्या दिवशी बल्ब उजळला आणि मंदावायला तयार नव्हता. बंद केलं. प्रोटेक्शन बोर्डाचा ग्राउंड मुख्य ग्राउंडला जोडणारी तार काढली. बल्ब मंद. परत जोडली. बल्ब चालू. एकटा टोन कंट्रोल ठीक. एकटा प्रोटेक्शन बोर्ड ठीक. ग्राउंड एकत्र आले की शॉर्ट. बोर्ड सदोष असेल म्हणून बदलून आणला, तरी तेच. मी पुरता गोंधळलो होतो.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. वय झालं आहे, पण आयुष्यभर त्यांनी रेडिओ आणि मंडळांचे लाउडस्पीकर दुरुस्त केले. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बोर्ड बघितलेच नाहीत.

“कागद घे. ट्रान्सफॉर्मर काढ, दोन्ही ब्रिज काढ, सगळे डायोड काढ. बाण कुठे तोंड करून आहेत ते नीट दाखव.”

काढलं. त्यांनी पेन्सिलीने एक वाट गिरवली आणि सगळा उलगडा झाला. टोन कंट्रोलच्या बोर्डात ट्रान्सफॉर्मरची मधली तार हाच ग्राउंड. प्रोटेक्शन बोर्डात मात्र स्वतंत्र ब्रिज आहे आणि त्याचं उणे टोक हा ग्राउंड. दोन्ही ग्राउंड एकत्र केले की त्या ब्रिजचं उणे टोक थेट ट्रान्सफॉर्मरच्या झिरोला जाऊन मिळतं. आता १२ ची तार झिरोपेक्षा खाली गेली की, म्हणजे दर सेकंदाला ५० वेळा, ब्रिजमधला एक डायोड झिरो आणि १२ यांच्यामध्ये सरळ उघडतो. अर्धी सायकल वाइंडिंग शॉर्ट. मधे फक्त एक डायोड. बोर्ड दोन्ही बाहेरच्या टोकांवर लावला असता तरी हेच झालं असतं, मग दोन डायोडांनी आळीपाळीने शॉर्ट केलं असतं.

यातली धोक्याची गोष्ट अशी की हे ग्राउंड एकत्र करणारी तार नेहमी पॉवरचीच असेल असं नाही. ती ऑडिओच्या शिल्डेड वायरची जाळी असू शकते, स्पीकरची काळी तारही असू शकते. मग एखाद्याला वाटतं, ऑडिओची पिन लावली की फ्यूज उडतो, म्हणजे पिनच खराब आहे. आणि बऱ्याचदा फ्यूज उडतही नाही. माझा मुख्य फ्यूज ३ अ‍ॅम्पिअरचा होता. २४ व्हीएच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी पूर्ण लोडवर ०.१ अ‍ॅम्पिअरच्या आसपास घेते. त्याची सेकंडरी शॉर्ट झाली तरी ३ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज शांत बसतो आणि ट्रान्सफॉर्मर तापत राहतो. सिरीज बल्ब नसता तर मला वास येईपर्यंत कळलं नसतं. त्यानंतर छोट्या ट्रान्सफॉर्मरला मी वेगळा फ्यूज लावतो, २५० मिलिअ‍ॅम्पिअरचा, स्लो ब्लो.

उपाय साधा निघाला. प्रोटेक्शन बोर्डासाठी वेगळा ०-१२ चा लहान ट्रान्सफॉर्मर घेतला, ५०० मिलिअ‍ॅम्पिअरचा. बल्ब मंदावला. ज्या बोर्डावर स्वतःचा ब्रिज आहे त्याला स्वतःचं वाइंडिंग. हा नियम मी आता मोडत नाही.

यावर काहीजण विचारतील की १२-०-१२ च्या बोर्डावर तयार १२ व्होल्ट डीसी असतोच, तोच प्रोटेक्शन बोर्डाला का देऊ नये. एका मित्राने तसं केलं होतं. रिले चालतो. पण अ‍ॅम्प्लिफायर बंद केला की स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो. यूपीसी १२३७ ची चौथी पिन मेन्स गेल्याची खबर घेण्यासाठी असते. तिला एसी मिळत असेल तर वीज जाताच आयसी रिले सोडतो, मुख्य सप्लाय खाली यायच्या आत. नुसता डीसी दिला तर कॅपॅसिटर रिकामा होईपर्यंत रिले धरून राहतो आणि तोवर अ‍ॅम्प्लिफायर जे काही बाहेर टाकतो ते स्पीकर खातो. म्हणून त्या बोर्डाला एसीच द्यावा.

शॉर्ट मिटला, आता संगीत लावू म्हणून कॅबिनेटमध्ये सगळं बसवलं, आणि घरघर सुरू झाली. आवाजाचा नॉब शून्यावर असतानाही. आधीची शांतता ऐकलेली असल्याने ते फारच लागलं.

इथे एक ओळखून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कुठल्या तारेत शिरत असेल तर ऐकू येतो तो मऊ, खोल ‘हूं’. ब्रिजनंतर कॅपॅसिटर भरताना जे झटके बसतात ते १०० हर्ट्झचे, आणि त्यांचा आवाज खरखरीत, कडांना धार असलेला येतो. दोन्ही आवाज एकदा कानात बसले की अर्धा शोध तिथेच संपतो. माझा आवाज दुसऱ्या जातीचा होता.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, प्रत्येक करंटला आपल्या घरी परत जायचं असतं. दुसऱ्याच्या अंगणातून कोण जातंय ते बघ.”

टोन कंट्रोलच्या बोर्डाचा ग्राउंड पक्का हवा म्हणून तिथून एक जाड तार मुख्य फिल्टर कॅपॅसिटरच्या मधल्या पट्टीवर आणली होती. बहुतेक आकृत्यांमध्ये अशी तार दाखवलेली असते. त्याच बोर्डाकडून अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला शिल्डेड वायर जाते, तिची जाळी म्हणजेही ग्राउंडच. दोन वाटा झाल्या, एक वळसा पूर्ण झाला. आणि त्या वळशाचं एक टोक नेमकं त्या पट्टीवर, जिथे कॅपॅसिटर भरण्याचे झटके धावतात.

झटका म्हणजे किती, याचा हिशेब कागदावर केला तेव्हा मला पटलं. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा १० सेंटिमीटर तुकडा घ्या. त्याचा रोध जेमतेम १.७ मिलिओहम. एरवी शून्यच म्हणू आपण. पण कॅपॅसिटर भरताना ५ अ‍ॅम्पिअरचा झटका गेला तर त्या तुकड्यावर साडेआठ मिलिव्होल्ट पडतात. हे इनपुटच्या ग्राउंडच्या वाटेत आले, तर अ‍ॅम्प्लिफायर त्यांना संगीतच समजतो आणि वीसएक पट करतो. स्पीकरवर १७० मिलिव्होल्ट. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येईल एवढं.

ती जाड तार कापून टाकली. टोन कंट्रोलचा सप्लाय स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरवर आहे, त्याचा करंट त्याच्याच ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो. मुख्य ग्राउंडशी त्याचं नातं फक्त संदर्भापुरतं, आणि तेवढ्याला शिल्डेड वायरची जाळी पुरते. जास्त तार जोडली की ग्राउंड जास्त चांगला होतो, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. इथे तार काढल्यावर आवाज निम्म्याहून कमी झाला. प्रोटेक्शन बोर्डाची मात्र एक तार ठेवावी लागते, कारण स्पीकरच्या तारेवर डीसी आला का, हे त्याला अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडच्या तुलनेत मोजायचं असतं. ती एकच, बारीक चालते, थेट स्टार पॉइंटवर.

स्टार पॉइंट, म्हणजे जिथे सगळे ग्राउंड भेटतात ती जागा, तिच्याबद्दलही सांगतो. ती कॅपॅसिटरच्या मधल्या जोडावरच ठेवू नये. सेंटर टॅप आणि दोन्ही कॅपॅसिटर आधी आपापसात भेटू द्यावेत. मग तिथून एक आखूड जाड तार काढून तिच्या टोकाला स्टार करावा. म्हणजे भरण्याचे झटके आधीच्या जोडावरच फिरून परत जातात आणि स्टारवर शांतता राहते. स्पीकरचे ग्राउंड, दोन्ही आयसीचे ग्राउंड, प्रोटेक्शनची बारीक तार, सगळे या टोकाला.

तरी थोडी घरघर उरलीच. इथे जे केलं ते प्रत्येकाने करून बघावं, कारण त्याला फक्त मल्टिमीटर लागतो. मेन्सची पिन काढून ठेवली. स्टार पॉइंट कॅबिनेटला जोडणारी एकमेव तार सोडवली. मीटर बीपवर लावला. एक टोक स्टारला, दुसरं कॅबिनेटच्या उघड्या धातूला. बीप यायला नको होता. आला.

म्हणजे सर्किट आणखी कुठेतरी डब्याला टेकत होतं. मागच्या आरसीए सॉकेटपासून सुरुवात केली. स्वस्त सॉकेटची बाहेरची कडी थेट पत्र्यावर आवळली जाते. फायबरचे वॉशर घालून, भोक थोडं मोठं करून ती सुटी केली. बीप तसाच. मग एकेक बोर्ड उचलत गेलो. शेवटी ७८०५ चा स्क्रू सैल केला आणि बीप थांबला.

ब्लूटूथसाठी ५ व्होल्ट हवे होते. टोन कंट्रोलच्या बोर्डावर ब्रिजनंतर साधारण १६ व्होल्ट असतात, तिथून घेऊन ७८०५ रेग्युलेटर लावला होता. ११ व्होल्ट त्याच्यावरच पडतात, ०.२ अ‍ॅम्पिअर घेतले तरी दोन वॅटच्या वर उष्णता. म्हणून तो मागच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या पॅनेलवर आवळलेला होता. ७८ च्या मालिकेत पाठीचा धातू म्हणजेच मधली पिन, म्हणजेच ग्राउंड. त्यामुळे लोक त्याला मायका लावत नाहीत. शॉर्ट होत नाही, मग कशाला, असं वाटतं. पण त्या एका स्क्रूने ब्लूटूथचा ग्राउंड मागच्या पॅनेलला, तिथून कॅबिनेटमार्गे स्टारला, आणि ऑडिओच्या जाळीने परत टोन कंट्रोलला मिळत होता. कॅबिनेटभर फिरणारा एक मोठा वळसा.

मायका आणि बुश घातले. बीप गेला, स्टारची तार परत जोडली, घरघर गेली.

७९ च्या मालिकेत तर ही चैनही नाही. ७९१२ किंवा ७९१५ मध्ये पाठीचा धातू इनपुटला, म्हणजे उण्या सप्लायला जोडलेला असतो, आणि पायांचा क्रमही ७८ पेक्षा वेगळा. ७८ मध्ये इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. दोन्ही एकाच हीट सिंकवर शेजारी मायकाशिवाय आवळले तर सरळ शॉर्ट.

आता ब्लूटूथ. फोन जोडला नसला तरी पार्श्वभूमीला चिर्रचिर्र असा बारीक आवाज येत राहायचा. फोन जोडताना तो बदलायचा, त्यावरून कळलं की तो डिजिटल भागाचा आहे. कॅपॅसिटर वाढवून बघितले, फेराइटचा मणी घालून बघितला. थोडा फरक, पण गेला नाही. कारण पुन्हा परतीच्या वाटेतच होतं. ब्लूटूथ बोर्डाचा पॉवरचा करंट पॉवरच्या काळ्या तारेने परत जातो, तसाच काही भाग ऑडिओच्या जाळीनेही परत जातो, कारण दोन्ही टोकं त्याच टोन कंट्रोलवर आहेत. तो करंट तुटक असतो, आणि जाळीवर तो संगीतात मिसळतो.

याला खात्रीचा इलाज म्हणजे परतीची एक वाट तोडणं. बी ०५०५ एस नावाचा चार पिनांचा छोटासा काळा चौकोन मिळतो. ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, पण दोन्ही बाजूंचे ग्राउंड एकमेकांपासून पूर्ण सुटे. एक वॅटचा, म्हणजे २०० मिलिअ‍ॅम्पिअर देतो. माझ्या बोर्डाला तेवढे पुरले. ज्या ब्लूटूथ बोर्डावर डिस्प्ले, एफएम आणि पेनड्राइव्ह आहे त्याला पुरणार नाहीत, त्याला वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर द्यावा. चौकोन बसवल्यावर चिरचिर संपली. एवढ्या लहानशा भागाने झालेला फरक ऐकून मी घरातल्यांना बोलावून ऐकवलं होतं.

राहिला तो मऊ ‘हूं’. अगदी बारीक, रात्रीच जाणवणारा. हा ५० हर्ट्झचा, म्हणजे चुंबकीय. गोल ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र फार बाहेर सांडत नाही, पण चौकोनी पत्र्यांच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचं सांडतं, आणि माझे दोन्ही छोटे ट्रान्सफॉर्मर टोन कंट्रोलपासून वीतभर अंतरावर होते. प्रायमरीचे सगळे जोड स्लीव्हमध्ये बंद होते, तरी प्रत्येक वेळी प्लग काढून, टोन कंट्रोलचा ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवून, प्लग परत लावून ऐकलं. एका कोनात आवाज जवळपास नाहीसा होतो, पुढे फिरवला की परत वाढतो. त्या कोनात स्क्रूची भोकं पाडली. प्रोटेक्शनचा ट्रान्सफॉर्मर तर सरळ दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, त्याच्या तारा लांब झाल्या तरी काही बिघडत नाही. एसीच्या तारा मात्र एकमेकींवर पिळून, तळाला चिकटवून नेल्या.

गोल ट्रान्सफॉर्मर आवळायचा मधला बोल्ट एका टोकाने तळाला लागतो. त्याचं वरचं टोक कॅबिनेटच्या झाकणाला लागू देऊ नका. लागलं तर बोल्ट, झाकण आणि तळ मिळून एक पूर्ण वेढा होतो आणि त्यातून प्रचंड करंट वाहतो. चपटं कॅबिनेट घेणाऱ्यांनी हे आधी मोजून घ्यावं.

एवढं झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायर आठवडे उत्तम चालला. मग मुलाने त्याला डेस्कटॉप संगणक जोडला आणि हमिंग परत आलं. ऑडिओची पिन काढली की शांत, लावली की सुरू. संगणकाचा ग्राउंड घरच्या अर्थिंगला जोडलेला असतो, माझं कॅबिनेटही अर्थिंगला, आणि ऑडिओच्या वायरने तिसरा दुवा जोडला. परत वळसा, या वेळी भिंतीतून जाणारा.

यावर जो उपाय मला सर्वांनी सुचवला तो म्हणजे प्लगची वरची जाड पिन काढून टाका. “दोन पिनवर लावा, लगेच शांत होतो.” शांत होतो हे खरं आहे. पण त्या पिनवर माणसाचा जीव असतो. कॅबिनेट धातूचं आहे. आत मेन्सची तार सुटून पत्र्याला टेकली तर अर्थिंग असल्यास फ्यूज उडतो किंवा आरसीसीबी पडतो. नसल्यास पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहतो, आवाज छान येत राहतो आणि कोणीतरी व्हॉल्यूमचा धातूचा नॉब धरतो. ती पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब ठेवली आहे ती याचसाठी, की प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं.

मी मेन्सच्या सॉकेटशेजारीच रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, हिरवी तार लगने एका वेगळ्या बोल्टवर पक्की केली आहे. त्या बोल्टवर दुसरं काहीही नाही. कॅबिनेट थेट अर्थिंगला. मग सर्किटचा स्टार पॉइंट आणि कॅबिनेट यांच्यामध्ये जी एक तार होती तिच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावला, आणि त्याला समांतर केबीपीसी ३५१० हा ३५ अ‍ॅम्पिअरचा ब्रिज. ब्रिजची अधिक आणि उणे टोकं एकमेकांना जोडून टाकायची, आणि एसीची दोन टोकं वापरायची, एक स्टारला, एक कॅबिनेटला. हमिंगचा वळसा मिलिव्होल्टचा असतो, त्याला १० ओहम अडवतात. आत काही बिघडून सर्किटवर मोठा व्होल्टेज आला तर दीडएक व्होल्टच्या आतच डायोड उघडतात आणि फ्यूज उडेपर्यंत तो सगळा करंट अर्थिंगला नेतात. म्हणून ब्रिज मोठा घ्यायचा. आणि हे चालायचं तर आरसीए सॉकेट पत्र्यापासून सुटे हवेतच, नाहीतर १० ओहमला वळसा घालून करंट जातो. माझे आधीच सुटे केलेले होते, त्यामुळे संगणक जोडूनही शांतता राहिली.

याच सुमारास ज्या मित्राच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून धप्प आवाज यायचा, त्याचाच फोन आला की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. त्याने ब्लूटूथला वीज द्यायला मोबाइलचा चार्जर सोलून आत बसवला होता आणि प्लग दोन पिनांचा होता. अशा चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कॅपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा करंट गळतो, आणि अर्थिंग नसेल तर सगळं कॅबिनेट मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतं. चांगल्या चार्जरमध्ये हा कॅपॅसिटर त्याच कामासाठी बनवलेला असतो आणि करंट मर्यादेत राहतो. फुटपाथवरच्या चार्जरमध्ये काय लावलं असेल, यावर भरवसा ठेवता येत नाही. मी त्याच्याकडे जाऊन चार्जर काढला, छोटा ट्रान्सफॉर्मर लावला आणि तीन पिनांची वायर बसवली.

तेव्हा त्याच्या भिंतीतला सॉकेटही बघितला. जुनी इमारत. फेज ते न्यूट्रल २३५ व्होल्ट, फेज ते अर्थिंग काहीच नाही. अर्थिंगच्या भोकाला मागे तारच नव्हती. फेज-अर्थिंगमध्ये मीटरने २३० दाखवले तरी अर्थिंग चांगलं आहे असं समजू नये, कारण मीटरला अगदी थोडा करंट लागतो, कच्च्या अर्थिंगवरही तो आकडा दाखवतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं आणि जमल्यास ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. मित्राने दोन्ही केलं.

माझा अ‍ॅम्प्लिफायर आता रोज चालतो. आत तीन ट्रान्सफॉर्मर आहेत, त्यामुळे कॅबिनेट ठरवलं होतं त्यापेक्षा मोठं आणि जड झालं. एका ट्रान्सफॉर्मरवर भागवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. पण दोन स्वतंत्र वाइंडिंग असलेला छोटा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर मिळतात. पुढचा बांधताना मी आधी तोच सांगून करून घेणार आहे, १२-०-१२ आणि वेगळा ०-१२, एकाच पत्र्यावर.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी, मंडळात किंवा देवळात अर्थिंगची पिन कापलेला अ‍ॅम्प्लिफायर चालू असेल, तर बाकी सगळं राहू द्या. आधी त्याचा प्लग बदलून घ्या, आणि तो बदलेपर्यंत त्याच्या कॅबिनेटला कुणाला हात लावू देऊ नका.